पोट मऊ, दुखणं अफाट: आतड्याचं रक्त थांबतं तेव्हा

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. आई, वय ६६. चार वर्षांपासून हृदयाचे ठोके अनियमित, त्यासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू. दाढ काढायची म्हणून गोळी थांबवली, दाढ निघाली, गोळी परत सुरू करायची राहून गेली. बाराव्या दिवशी पहाटे तीनला बेंबीभोवती जीवघेणी कळ, एक उलटी, दोनदा पातळ शी. सकाळी डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, ते मऊ. सोनोग्राफीत गॅसशिवाय काही नाही. इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. दुपारी दुखणं बरंच उतरलं म्हणून सगळे निर्धास्त. रात्री पोट फुगलं, शीतून रक्त गेलं. दुसऱ्या दिवशी सीटी, लगोलग ऑपरेशन. लहान आतड्याचा मोठा भाग काढावा लागला, सव्वा मीटर उरलंय. आई वाचली. आता तुम्हाला विचारायचंय की सोनोग्राफीत हे का दिसलं नाही, पोट मऊ असताना आत आतडं कसं मरत होतं, चूक कुणाची, आणि यापुढे घरात कुणाचंही पोट दुखलं की हेच समजायचं का.

मी जनरल सर्जन आहे, जिल्ह्याच्या गावी सत्तावीस वर्षं प्रॅक्टिस करतोय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. शंभर पोटदुख्यांमधली एखादीही अशी नसते. पण जी असते ती ओळखायची खूण तुमच्याच मजकुरात आहे, आणि ती खूण चांगल्या चांगल्या डॉक्टरांच्याही हातून निसटते. माझ्याही निसटली आहे. ते पुढे सांगतो.

आधी पोटाला रक्त पोचतं कसं ते पाहू. कालव्याच्या भागातले असाल तर लवकर कळेल. हृदयातून निघालेली महाधमनी छातीतून खाली येते, छाती आणि पोट यांच्या मधला पडदा ओलांडते आणि मणक्याला चिकटून बेंबीच्या पातळीपर्यंत जाते. तिथे तिचे दोन फाटे होऊन एकेक पायात उतरतो. पोटातली तिची लांबी वीतभरही नाही. रुंदी साधारण दोन सेंटीमीटर. हा मुख्य कालवा. त्याच्या समोरच्या अंगाने, एकाखाली एक, तीन पाट फुटतात आणि अन्न पचवणाऱ्या सगळ्या अवयवांचं रक्त या तिघांवर.

वरचा पाट आखूड आणि जाड, सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर गेला की त्याच्या तीन चाऱ्या होतात: जठराला, यकृताला आणि प्लीहेला. याला आम्ही सीलियाक म्हणतो. त्याच्या खाली बोटभर अंतरावर दुसरा, सगळ्यात महत्त्वाचा: सुपीरियर मेसेंटेरिक आर्टरी, वॉर्डात सगळे नुसतं एसएमए म्हणतात. जवळजवळ सगळं लहान आतडं आणि मोठ्या आतड्याचा उजवा अर्धा भाग एकट्या एसएमएवर जगतो. तिसरा, इन्फीरियर मेसेंटेरिक, बारीक. डावीकडचं मोठं आतडं आणि गुदाशयाचा वरचा भाग त्याच्याकडे. माणूस स्वस्थ बसलेला असतानाही हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा या प्रदेशात जातो, जेवण झाल्यावर त्याहून जास्त. जेवल्यावर डोळे जड होतात त्याचं खापर लोक यावर फोडतात, ते कितपत खरं ते सोडा.

हे तीन पाट एकमेकांना लहान लहान चाऱ्यांनी जोडलेले आहेत. म्हणून एखाद्या पाटात वर्षानुवर्षं हळूहळू गाळ साचला, तर शेजारच्या चाऱ्या रुंदावतात आणि शेत तगून राहतं. तंबाखू, विडी, मधुमेह यांनी तीनपैकी दोन पाट पूर्ण बुजलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता, दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या सीटीत ते सापडलं. उलट तोच पाट एका क्षणात बंद झाला, तर चाऱ्या रुंदावायला सवडच मिळत नाही. तुमच्या आईच्या बाबतीत हे असं झालं.

गुठळी आली कुठून? हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते. ठोके अनियमित झाले की तो कप्पा नीट आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो. ईसीजीवर याला एएफ लिहितात. त्या पिशवीत रक्त रेंगाळतं आणि गोठतं. रक्त पातळ करायची गोळी हे गोठणं रोखते. गोळी थांबली, गुठळी धरली, आणि एके पहाटे ती सुटून महाधमनीत आली. मेंदूकडे गेली तर लकवा, पायात गेली तर पाय थंड आणि पांढरा. पोटात ती एसएमएतच का शिरते? वाटेवरचे बाकीचे फाटे कालव्याला बरेचसे काटकोनात फुटतात; एसएमए मात्र तिरकी, खालच्या दिशेने निघते, वाहत्या प्रवाहाच्या ओघात. वाहून आलेलं लाकूड जसं तिरक्या फाट्यात शिरतं, तशी गुठळी तिच्यात शिरते. आणि बहुतेक वेळा अगदी तोंडाशी अडकत नाही, पहिल्या काही फांद्या सुटल्यावर, नळी जिथे अरुंद होते तिथे बसते. त्यामुळे लहान आतड्याचा सुरुवातीचा हात-दीड हात भाग वाचतो. तुमच्या आईचं सव्वा मीटर उरलं ते बहुधा यामुळे.

आता मऊ पोटाचं कोडं. आतड्याच्या भिंतीला आतून बाहेर असे थर आहेत. सगळ्यात आतलं अस्तर, जिथे अन्न शोषलं जातं, ते रक्ताचं सगळ्यात भुकेलं. आतड्याला येणाऱ्या रक्तातला मोठा वाटा तेच घेतं. रक्त थांबलं की ते अस्तर आधी तडफडतं. आतडं घट्ट आवळलं जातं, आत असेल नसेल ते बाहेर टाकतं. म्हणून ती उलटी आणि ती पातळ शी. घरच्यांना वाटतं काहीतरी बाधलं, डॉक्टरलाही तेच वाटतं. दुखणं भयानक असतं, पण ते आतड्याच्या स्वतःच्या नसांचं दुखणं असतं, धूसर, बेंबीभोवतीचं, बोट ठेवून दाखवता न येणारं. पोट लाकडासारखं कडक होतं ते पोटाच्या आतल्या बाजूला जो पातळ पडदा असतो तो चिडला की. आणि तो चिडतो तेव्हा आतड्याची भिंत आरपार मेलेली असते, आतली घाण बाहेर झिरपायला लागलेली असते. म्हणजे आतडं वाचवता येण्याजोगं असतं, नेमकं त्याच वेळात पोट मऊ असतं. कडक पोटाची वाट पाहणारा डॉक्टर मेलेल्या आतड्याची वाट पाहत असतो.

माझ्या प्रॅक्टिसच्या तिसऱ्या वर्षी असाच एक शेतकरी आला होता, पन्नाशीतला. लहानपणी सांधे सुजून ताप आलेला, त्याने हृदयाची झडप अरुंद झालेली. आपल्याकडे हे अजून संपलेलं नाही. रात्री साडेअकराला त्याला आणलं तेव्हा तो खाटेवर एका जागी ठरत नव्हता. उठून बसायचा, गुडघे पोटाशी घ्यायचा, परत आडवा व्हायचा. मी पोट दाबलं. मऊ. बायको म्हणाली, डॉक्टर, हा माणूस विंचू चावला तरी ओरडत नाही हो. ते वाक्य मी ऐकलं, पण घेतलं नाही. नाडी हाताला लागली ती वेडीवाकडी होती, तीही नोंदवली आणि पुढे गेलो. अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन, सलाईन, सकाळी बघू. पहाटे चारला नर्सने सांगितलं, पेशंट झोपला, बरं वाटतंय. सकाळी आठला पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं आणि रक्तदाब लागत नव्हता. उघडलं तर जठरानंतरचा थोडा भाग सोडला तर मोठ्या आतड्याच्या मध्यापर्यंत सगळं काळं-हिरवं. निरोगी आतडं गुलाबी आणि चकचकीत असतं, टिचकी मारली की आळसावलेल्या अळीसारखं सरकतं. हे नुसतं पडून होतं, ओल्या गोणपाटासारखं. काढण्याजोगं काही नव्हतं, राखण्याजोगंही नव्हतं. पोट शिवून बाहेर आलो आणि बायकोला सांगितलं. तेव्हापासून ती वाक्यं मी कागदावर लिहून घेतो, घरच्यांच्याच शब्दांत.

तुमच्या आईलाही दुपारी बरं वाटलं होतं. ती उसंत फसवी असते. पाच-सहा तासांनी अस्तर मेलेलं असतं, आतडं लुळं पडतं, आवळायची ताकद संपते, म्हणून कळ उतरते. कुठल्याही उपचाराने दुखणं थांबलं तर नाडी, रक्तदाब, चेहरा सगळंच सुधारतं. इथे दुखणं उतरतं आणि नाडी मात्र वाढत जाते. मागे वळून पाहिलंत तर आईची जीभ कोरडी असेल, पाणी मागत असेल, बोलायला नको वाटत असेल.

म्हणून खूण ही: अचानक सुरू झालेलं, तपासणीत जे सापडतं त्याच्या कितीतरी पट जास्त दुखणं, त्याबरोबर पोट रिकामं होणं, आणि त्या माणसाच्या अंगात गुठळी तयार व्हायची जागा असणं, म्हणजे एएफ, झडपेचा आजार, नुकताच आलेला हार्ट अटॅक, किंवा आधी पायात, मेंदूत गुठळी गेल्याचा इतिहास. हे तीन एकत्र आले की दुसरं काही सिद्ध होईपर्यंत एसएमए बंद आहे असंच धरायचं. वेदनाशामक दिल्याने निदान झाकलं जातं ही जुनी समजूत आहे, वेदनाशामक खुशाल द्यावं. चूक वेदनाशामकात नसते. दुखणं थांबलं म्हणून घरी पाठवण्यात असते.

सोनोग्राफीचं म्हणाल तर तिला दोष देऊ नका. पित्ताशयातले खडे, मूत्रपिंडाची सूज, पोटातलं पाणी यांना ती उत्तम. पण तिच्या लहरी हवेतून जात नाहीत, आणि अशा रुग्णाच्या आतड्यात हवाच हवा असते. रिपोर्टवर ‘गॅस’ लिहिलं होतं याचा अर्थ मशीनला हवेपलीकडचं दिसलं नाही, इतकाच. आपण तो शब्द आजाराचं नाव म्हणून वाचतो. मराठी घरात गॅस आणि पित्त या दोन शब्दांनी जितकी माणसं उशिरा आणली जातात तितकी अंतराने किंवा पैशाने येत नाहीत असं माझं मत झालंय. ओवा, हिंग, सोडा, गरम पाण्याची पिशवी, आणि मग सकाळ होते.

याचं निदान करणारी तपासणी एकच, सीटी अँजिओ. शिरेतून रंगद्रव्य देऊन, ते धमनीत असताना एकदा आणि शिरांमध्ये आल्यावर एकदा असे दोन फेऱ्यांत फोटो. शंभरातल्या नव्वदहून अधिक रुग्णांत ती बंद वाहिनी सरळ दाखवते. इथे आणखी एक अडथळा येतो. मूत्रपिंड कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिन १.६ आलं, रंगद्रव्य नको, साधा सीटी करा, असं कुणीतरी म्हणतं. साध्या सीटीत रक्त वाहतंय की थांबलंय ते कळत नाही. मूत्रपिंड थोडं दुखावलं तर पुढे त्याचं पाहता येतं. असा रुग्ण मूत्रपिंडाच्या काळजीपायी गमावणं मला कधी पटलं नाही. रक्त न मिळालेल्या भागातून रक्तात येणारं लॅक्टेट वाढलेलं असलं तर निदानाला मदत होते, पण सुरुवातीच्या तासांत ते नॉर्मल असू शकतं. नॉर्मल लॅक्टेट पाहून सुटकेचा निःश्वास टाकू नये.

निदान झालं की घड्याळ सुरू. सलाईन, प्रतिजैविकं, आणि रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन, लगेच, तिथल्या तिथे. मग गुठळी काढणं. काही केंद्रांत मांडीच्या किंवा हाताच्या धमनीतून तार घालून ती ओढून घेतात. पोट फुगलेलं, कडक असेल तर उघडावंच लागतं. उघडल्यावर मी आधी आतड्याकडे पाहत नाही, त्याच्या मुळाशी, मोठ्या आतड्याच्या आडव्या भागाखाली बोटं घालून एसएमएची नाडी चाचपतो. लागली नाही की धमनीवर छोटासा छेद, आणि आत फोगार्टी कॅथेटर. ही बारीक नळी असते, टोकाला इवलासा फुगा. गुठळीच्या पलीकडे नेऊन फुगवायचा आणि हलक्या हाताने मागे ओढायचा. अमेरिकेतल्या थॉमस फोगार्टी यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हा तयार केला. पहिला फुगा रबरी हातमोज्याच्या बोटाचं टोक कापून, मासेमारीच्या गळाला कृत्रिम माशी बांधतात तशा गाठीने नळीला बांधला होता. गुठळी जांभळासारखी काळपट, ओली, बाहेर येते आणि तिच्या मागून रक्ताची पिचकारी. ऑपरेशन थिएटरात त्या पिचकारीसारखं सुख नाही.

मग गरम सलाईनमध्ये भिजवलेली कापडं आतड्यावर टाकून वीस मिनिटं थांबायचं. नव्या डॉक्टरांना ही वीस मिनिटं सोसवत नाहीत. पण रक्त परत आल्यावर करडं वाटणारं आतडं हळूहळू गुलाबी होतं, आणि घाईत कापलेलं आतडं परत जोडता येत नाही. जे काळं ते काढायचं, जे संशयाचं ते ठेवायचं, आणि एक-दोन दिवसांनी पोट पुन्हा उघडून बघायचं. तुमच्या आईचंही पोट दुसऱ्यांदा उघडलं असेल तर ते पहिलं ऑपरेशन बिघडलं म्हणून नव्हे. ते आधीच ठरवलेलं असतं. हे नातेवाइकांना नीट सांगितलं जात नाही आणि गैरसमज वाढतात.

एवढं सगळं करूनही हा आजार झालेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास माणसं जातात, उशीर झाला तर त्याहून बरीच जास्त. चोवीस तासांनंतर ऑपरेशन होऊन आई घरी आली, हे खरंच मोठं आहे.

सगळ्या गुठळ्या धमनीत होत नाहीत. आतड्यातून रक्त घेऊन परत निघालेल्या शिरा एकत्र येऊन पोर्टल शीर होते आणि ती हृदयाकडे न जाता आधी यकृतात जाते. ही शीर गोठली तर पाणी शेतात येतंय पण निचरा बंद, अशी गत होते. आतडं सुजतं, भिजतं, मग मरतं. हे तिशी-चाळिशीतल्या माणसांत दिसतं, बऱ्याचदा रक्त लवकर गोठायचा जन्मजात दोष असलेल्यांत. दुखणं तीन-चार दिवस मुरत वाढतं. वेळेत सापडलं तर बऱ्याच जणांचं नुसत्या हेपॅरिनवर भागतं, पोट उघडावं लागत नाही. लिव्हर सिरोसिसमध्ये याच शिरेतला दाब वाढतो, रक्त आडवाटेने अन्ननलिकेच्या शिरांतून जातं, त्या फुगतात आणि एक दिवस फुटतात: बादलीभर रक्ताची उलटी. त्यावर वेगळं लिहावं लागेल. इतकंच सांगतो की अशा वेळी घशाखाली काही घालू नका, रुग्णाला कुशीवर ठेवा आणि निघा.

मोठ्या आतड्याच्या डाव्या वरच्या वळणापाशी, प्लीहेच्या खाली, एसएमएचं पाणी संपतं आणि खालच्या पाटाचं सुरू होतं. दोन्ही पाटांचा टेल, म्हणजे शेवटचं टोक. टेलच्या शेतकऱ्याचं काय होतं ते सांगायला नको. जुलाबाने, हार्ट फेल्युअरने किंवा डायलिसिसवर रक्तदाब खूप उतरला की म्हाताऱ्या माणसांत पहिली झळ या वळणाला लागते. डावीकडे दुखतं, रक्ताळलेली शी होते. बहुतेक वेळा हे सलाईन आणि विश्रांतीने निभावतं.

कालवाच फुटला तर मात्र वेळ मिनिटांत मोजायचा. महाधमनीची भिंत सैल होऊन ती फुगते. दोनची तीन सेंटीमीटर झाली की तिला अ‍ॅन्युरिझम म्हणतात, पुरुषात साडेपाचला पोचली की ऑपरेशनचा विचार करतात. साठी ओलांडलेला, विडी-सिगारेट ओढणारा पुरुष यात पुढे. फुटण्याआधी बहुधा काहीच त्रास नसतो. फुटते तेव्हा रक्त पाठीमागच्या बाजूला साठतं, म्हणून कंबरेत, कुशीत कळ येते आणि तो मुतखडा समजला जातो. माझ्या शिकाऊ डॉक्टरांना मी एक सांगून ठेवलंय: साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच झालेला डावा मुतखडा दिसला की आधी महाधमनी मोजा. इथे मात्र सोनोग्राफी कामाची. पाच मिनिटांत रुंदी कळते. आल्बर्ट आइनस्टाइन यांना हाच आजार होता. १९४८ मध्ये न्यूयॉर्कला रुडॉल्फ निसेन या सर्जनने त्यांची फुगलेली महाधमनी सेलोफेनने गुंडाळली, कारण कृत्रिम नळी बसवायची सोय तेव्हा नव्हती. ती सहा-सात वर्षं टिकली. एप्रिल १९५५ मध्ये ती फुटली, आइनस्टाइन यांनी दुसरं ऑपरेशन नाकारलं आणि प्रिन्स्टनला वयाच्या ७६ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. आता मांडीतून नळी बसवता येते, पण आधी ती फुगलेली आहे हे माहीत असावं लागतं. विडी ओढणारे वडील पासष्टीचे असतील तर पुढच्या सोनोग्राफीत तेवढी रुंदी लिहायला सांगा, वेगळे पैसे पडत नाहीत.

आणखी दोन जागा, चालता चालता. म्हाताऱ्या बाईचं पोट फुगलंय, उलट्या होतायत, तर जांघ उघडून पाहिली का हे विचारा. संकोचाने बायका सांगत नाहीत, डॉक्टर पाहत नाहीत, आणि तिथे लिंबाएवढ्या हर्नियात आतड्याचा वेढा गळा दाबून पडलेला असतो. वयात आलेल्या, पाळी चालू असलेल्या मुलीला अचानक पोटात दुखून चक्कर आली, चेहरा पांढरा पडला, तर लग्न झालंय का हे न विचारता लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करावी. गर्भनलिकेत राहिलेला गर्भ फुटून पोटात दीड-दोन लिटर रक्त साठेपर्यंत ती बोलत असते.

आता चूक कुणाची ते. त्या डॉक्टरांनी नाडीवर बोट ठेवून ती चुकार आहे हे पकडायला हवं होतं, आणि दुखण्याच्या तीव्रतेवर विश्वास ठेवायला हवा होता. पण त्यांना कुणी सांगितलं का की आईला एएफ आहे आणि गोळी बारा दिवस बंद आहे? बहुधा नाही, कारण तुमच्या डोक्यात हृदय आणि पोट हे दोन वेगळे विभाग होते. हे मी ठपका ठेवायला म्हणत नाही. पुढच्या वेळी फोनवर, दारात, नर्सला, सगळ्यांना एकच वाक्य सांगायचं: ‘ठोके अनियमित आहेत, गोळी बंद होती, आणि पोटात अचानक असह्य दुखतंय.’ या एका वाक्याने सीटीचं दार उघडतं. आणि जायचं तिथेच जिथे रात्रीही सीटी अँजिओ होतो आणि सर्जन आहे. १०८ला फोन केलात तर त्यांनाही तेच सांगा.

दाढेचं मात्र मला खटकलं. एखादी दाढ काढायला रक्त पातळ करायची गोळी बहुतेक वेळा बंद करावीच लागत नाही. वॉरफरिन ही जुनी गोळी असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, पाहून दाढ काढतात, नव्या गोळ्यांत फार तर त्या सकाळचा डोस पुढे ढकलतात. बाकी रक्त एखादा टाका घालून आणि कापूस दाबून धरून थांबतं. कोणी गोळी बंद करायला सांगितलं की तिथेच विचारा, ‘परत कधी सुरू?’ आणि ती तारीख चिठ्ठीवर लिहून घ्या.

पुढचं. सव्वा मीटर लहान आतडं आणि बरंचसं मोठं आतडं शिल्लक असेल, तर सलाईनवाटे जेवण देण्याची पाळी कायमची येऊ नये. उरलेलं आतडं दीड-दोन वर्षं शिकत राहतं, जास्त शोषायला लागतं. तोवर दिवसात सहा-सात वेळा थोडं थोडं: मऊ भात, ताक, अंडं, पनीर, मुगाचं घट्ट वरण. जेवताना पाणी ढोसायचं नाही. तहान लागली की साधं पाणी, सरबत, उसाचा रस याऐवजी ओआरएसचे घोट. गोड पेयांनी जुलाब वाढतात. मोठं आतडं शिल्लक असताना लहान आतड्याचा शेवट गेला असेल तर मुतखडे होतात, म्हणून पालक आणि अळूचं फदफदं बंद, शेंगदाण्याचा कूट चिमटीपुरता. शी पातळ राहिली तर जेवणाआधी घ्यायच्या गोळ्या असतात, त्या सर्जनला विचारून.

रक्त पातळ करायची गोळी आता जन्मभर. उरलेल्या आतड्यातून ती किती शोषली जाते हा प्रश्न असतो, म्हणून मी बऱ्याचदा वॉरफरिनवर नेतो, त्याचा परिणाम आयएनआरने मोजता येतो. हे हृदयाच्या डॉक्टरांशी बोला.

आणि डिस्चार्ज कार्ड काढून त्यात ‘टर्मिनल इलियम’ हे शब्द शोधा. लहान आतड्याच्या त्या शेवटच्या टोकालाच बी-१२ शोषलं जातं. ते काढलेलं असेल तर बी-१२ ची इंजेक्शनं आत्ताच सुरू करून घ्या. यकृतातला साठा दोन-तीन वर्षं पुरतो, त्यामुळे आज रक्त तपासलंत तरी आकडा चांगला येईल, आणि पायाला मुंग्या येईपर्यंत कुणाच्या लक्षात येणार नाही. कार्डावर तसा उल्लेख नसेल तर ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना फोन करून विचारा. ऑपरेशनच्या नोंदीत ते लिहिलेलं असतंच.